व्हायवा बंद करायची की व्हायवातले प्रश्न बदलायचे?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून):

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेंटल कॉलेजमध्ये कॉन्सर्व्हेटिव्ह (दात भरणं, रूट कॅनाल करणं) डिपार्टमेंटला लेक्चरर आहे. फायनल इयरच्या प्रिलिमची व्हायवा (तोंडी परीक्षा) मी आणि एक सीनियर सर मिळून घेतली. एक मुलगी आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, क्लिनिकमध्ये अतिशय नीट काम करणारी, पेशंटशी बोलून सगळं काढून घेणारी. तिला सरांनी सोडियम हायपोक्लोराइटची (रूट कॅनाल धुवायचं द्रावण) मेकॅनिझम ऑफ अ‍ॅक्शन विचारली, ती अडकली आणि मग शेवटपर्यंत बोललीच नाही. २० पैकी ६. तिच्यानंतरच्या मुलाला जी. व्ही. ब्लॅकचं क्लासिफिकेशन (किडीच्या खड्ड्यांचे प्रकार) विचारलं, त्याने फाडफाड इंग्रजीत सांगितलं. १६. याच मुलाला मी दात न ठोकता (परकशन), कोल्ड टेस्ट (दाताला थंड लावून बघणं) न करता थेट 'आरसीटी' (रूट कॅनाल) लिहिताना दोनदा पकडलंय. सरांसमोर मी काही बोलू शकले नाही. आता एचओडी (विभागप्रमुख) विचारतायत की पुढच्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) व्हायवा ठेवायची की त्याऐवजी एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) घ्यायचे. मला एमसीक्यू बरे वाटतात, निदान सगळ्यांना सारखं तरी होईल. पण मग क्लिनिकल रीझनिंग कसं तपासायचं? आणि या मुलीला काय सांगू?

उत्तर:

डॉक्टर मॅडम, तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं, कारण एका विद्यार्थिनीच्या ६ मार्कांनी झोप उडणारे शिक्षक अजून आहेत. पण तुम्ही जो निष्कर्ष काढलाय ना, की व्हायवा अन्याय करते म्हणून ती काढून टाकू, त्यावर जरा थांबून बोलूया.

तुम्हीच लिहिलेले दोन प्रश्न परत वाचा. हायपोक्लोराइटची मेकॅनिझम आणि ब्लॅकचं क्लासिफिकेशन. दोन्ही पाठांतराचे. म्हणजे त्या मुलाला १६ मिळाले ते पाठांतराचे आणि मुलीचे गेले तेही पाठांतरातच, क्लिनिकल रीझनिंग त्या टेबलावर कुणी विचारलंच नाही. मग व्हायवेत रीझनिंग तपासता येत नाही असं कसं म्हणायचं, तपासायला गेलोच कुठे आपण? बहुतेक कॉलेजांत हेच चालतं बघा, ट्रेमधलं इन्स्ट्रुमेंट उचलायचं, नाव विचारायचं, नंबर विचारायचा, मग डेफिनिशन, मग क्लासिफिकेशन, आणि पाच मिनिटं झाली की नेक्स्ट. हे सगळं लेखी पेपरात विचारता येतं, तोंडी विचारून फक्त घाबरण्याची भर पडते.

आता एमसीक्यू 'सगळ्यांना सारखं' असतात हे खरं, आणि सिलॅबसचा मोठा भाग कमी वेळात तपासायला ते चांगलेच आहेत, त्यासाठी ठेवाच. पण तुमच्या पत्रातल्या दोघांचा विचार करा. तो मुलगा एमसीक्यूमध्येही मस्त मार्क काढेल कारण चार ऑप्शनमध्ये उत्तर समोर छापलेलं असतं, आणि पेशंट काही चार ऑप्शन घेऊन चेअरवर बसत नाही. दात न ठोकता आरसीटी लिहिण्याची त्याची सवय एमसीक्यूत दिसणारच नाही. तुम्हाला खरी काळजी त्या सवयीची आहे, हो ना? ती सवय बाहेर काढायची तर त्याला 'का?' विचारायला लागेल, आणि त्याच्या उत्तरावर पुन्हा 'का?' विचारायला लागेल. हे तोंडीच होतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. डेंटल कौन्सिलच्या २००७ च्या बीडीएस नियमांत थिअरीच्या १०० मार्कांची वाटणी ७० लेखी, २० व्हायवा आणि १० इंटर्नल अशी आहे. म्हणजे तुम्ही इंटर्नलमधून व्हायवा काढली तरी युनिव्हर्सिटीला ती समोर उभीच आहे, आणि मग या मुलीसारख्या विद्यार्थ्यांची वर्षातली पहिली व्हायवा थेट अनोळखी एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) होणार. त्यांचं त्यात भलं होईल असं मला वाटत नाही.

मग विचारायचं काय? एक केस लिहून देतो, तुमच्याच डिपार्टमेंटची. कार्डावर एवढंच: बेचाळीस वर्षांचा शेतकरी, उजवीकडे खाली मागे दुखतंय, दोन रात्री झोप नाही, गरम चहा घेतला की कळ येते, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवून थंड घोट तोंडात धरून बसतो. बोट खालच्या दाताकडे दाखवतो. ४६ ला (उजवीकडची खालची पहिली दाढ) जुनी मोठी सिल्व्हर फिलिंग. विद्यार्थ्याला कार्ड वाचायला एक पूर्ण मिनिट द्यायचं, कागद-पेन द्यायचं, आणि तोवर आपण काही बोलायचं नाही.

मग पहिला प्रश्न, "तुला काय वाटतंय आणि कशावरून?" जवळपास सगळे म्हणतील ४६ ला इररिव्हर्सिबल पल्पायटिस (दाताच्या नसेची बरी न होणारी सूज). ठीक. "खात्री कशी करशील?" कोल्ड टेस्ट म्हणेल. आपण फाइंडिंग सांगायचं: ४६ आणि तिच्या मागची ४७, दोन्हीला थंड लागलं आणि लगेच थांबलं, म्हणजे नॉर्मल. परकशन? दोन्ही नॉर्मल. आता इथे खरी परीक्षा सुरू होते. तो मुलगा कदाचित म्हणेल "तरीपण ४६ ची आरसीटी करू, कारण फिलिंग मोठी आहे." कागदावर हे कधी कळलं असतं? आणि कुणीतरी म्हणेल, "सर, वर बघते." दाताचं दुखणं खालून वर, वरून खाली असं फिरतं पण सहसा मधली रेघ ओलांडत नाही, हे तिला पाठ असेल किंवा नसेल, पण वर बघायचं सुचलं हे महत्त्वाचं. मग विचारा वर काय करशील. १६ ला (उजवीकडची वरची पहिली दाढ) मागच्या बाजूने कीड (डिस्टल केरीज) आहे, आरशाशिवाय दिसत नाही. दातावर व्हॅसलीन लावून गरम गटापर्चा (रूट कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) टेकवला, तीव्र कळ, काढल्यावरही राहिली, थंड पाण्याने शांत झाली. हे ऐकल्यावर पाण्याच्या बाटलीचा अर्थ ज्याला लागतो त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं.

अजून दोन प्रश्न या केसमध्ये मी कधीच सोडत नाही. एक, "१६ सुद्धा नॉर्मल निघाला असता तर?" म्हणजे क्रॅक, सायनस, चावण्याचे स्नायू, काय काय डोक्यात येतं, आणि शंकाच राहिली तर वरच्या बाजूला लोकल (भुलीचं इंजेक्शन) देऊन दुखणं जातं का बघायचं हे सुचतं का. दुसरा, "पेशंट म्हणतोय खालचाच दात दुखतोय, तुम्ही वरचा का उघडताय? त्याला समजावून सांग." हे मराठीत सांगायला लावा. कोर्सचं माध्यम इंग्रजी आहे, मान्य, पण पेशंट मराठीच बोलतो आणि केस हिस्ट्री मराठीतच घेतली जाते, मग त्याला सांगायचं ते मराठीत सांगून दाखवणं हा क्लिनिकल कामाचाच भाग झाला. कुठलीही पळवाट नाही यात. आणि अनुभव असा की ज्याला केस कळलीय तो दोन वाक्यांत सांगतो, ज्याला नाही कळली तो इंग्रजी शब्दांच्या मागे लपायला बघतो.

आता एक मान्य करायला हवं, व्हायवाबद्दल जी शंका तुम्हाला आली ती फार जुनी आहे आणि ती बरोबरच आहे. अमेरिकेतल्या नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्सने पेशंटजवळची तोंडी परीक्षा १९६० च्या दशकात बंदच केली, कारण एकाच उमेदवाराला दोन परीक्षक देत असलेले मार्क एकमेकांशी जुळत नव्हते. पुढे १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ओएससीई (टप्प्याटप्प्याने घेतलेली क्लिनिकल परीक्षा) मांडली, सगळ्यांना तीच स्टेशनं, तीच चेकलिस्ट, अनेक परीक्षक, त्यामागेही हेच दुखणं होतं. आणि १९७८ मध्ये एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांच्या कामातून अजून एक गोष्ट पुढे आली, की एका केसमध्ये हुशार ठरलेला डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये हुशार ठरेलच असं नाही. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण आपण एका प्रश्नावर पोराचा शिक्का मारून मोकळे होतो. पहिलं उत्तर छान आलं की पुढचं सगळं छान वाटायला लागतं, पहिलं अडलं की पुढचं सगळं अडलेलंच ऐकू येतं. तुमच्या त्या मुलीचं नेमकं तेच झालं.

त्यामुळे एका लांब केसपेक्षा तीन छोट्या केस घ्या, प्रत्येकीला चार-पाच मिनिटं. पल्पाची एक झाली की दुसरी पूर्ण वेगळी ठेवा. म्हणजे उदाहरणार्थ, साठीचे गृहस्थ, हृदयाला स्टेंट, रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, एक मूळ काढायचंय. अर्धी बॅच "पाच दिवस गोळी बंद" म्हणेल, पण साध्या एक्स्ट्रॅक्शनसाठी ती बंद करत नाहीत, दाब, टाके, जिलेटिन स्पंज यांनी रक्त थांबवता येतं, आणि गोळी बंद केल्याचा धोका जास्त मोठा असतो, हा हिशोब त्याला करता येतो का ते बघायचं. तिसरी केस आपल्या भागातली, तंबाखू-चुन्याची नाहीतर गुटख्याची सवय, तोंड दोन बोटंच उघडतंय, आणि आलाय मागच्या दाढेच्या कीडेसाठी. दाढेकडे जाण्याआधी गाल आणि टाळू कोण बघतं, सबम्युकस फायब्रोसिसचा (तोंडाचं आतलं अस्तर कडक होणं) विचार कोण करतं, पांढरा चट्टा आहे का हे कोण विचारतं, आणि एवढ्या कमी तोंडात मागच्या दाढेची आरसीटी जमेल का याचा विचार कोण करतं. हे तीन विषय वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे आहेत असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, पेशंट एकच असतो.

मार्कांबद्दल. 'कॉन्फिडन्स' किंवा 'प्रेझेंटेशन' असा रकाना शीटवर असेल तर आधी तो काढा. चुकीचा दात काढणारा माणूस पूर्ण कॉन्फिडन्सनेच काढतो. ट्रायजेमिनल न्युरॅल्जियाच्या (दातदुखीसारखं वाटणारं चेहऱ्याच्या नसेचं दुखणं) पेशंटचे चांगले दात निघालेत ते असेच. रकाने ठेवायचे तर माहिती काय काय मागवली, शक्यता कुठल्या क्रमाने लावल्या, प्रत्येक टेस्ट कशासाठी मागितली, आणि नवीन फाइंडिंग आल्यावर मत बदललं का. शेवटच्या रकान्याला सगळ्यात जास्त वजन द्या असं माझं स्पष्ट मत आहे. आणि प्रत्येक केसमध्ये एक-दोन 'हे केलं तर गंभीर' गोष्टी आधीच लिहून ठेवा, जसं वरच्या केसमध्ये टेस्ट नॉर्मल असताना ४६ उघडणं. म्हणजे नंतर वाद नको.

दोन्ही परीक्षकांनी मार्क आधी आपापल्या शीटवर लिहायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं, एवढा एक नियम केलात तरी अर्धं काम झालं. सरांसमोर बोलता आलं नाही म्हणालात ना, तुमची शीट तुमच्या हातात असली की बोलायची गरजच कमी पडते, आकडा समोर असतो, आणि फरक मोठा असला तर का हे सांगायला दोघांनाही आपापल्या नोंदी असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थिनीला) विद्यार्थी म्हणून बसवा, तिला मुद्दाम मधलं उत्तर द्यायला सांगा, आणि सगळ्या स्टाफने मार्क लिहून ताडून बघा. किती फरक येतो हे स्वतः पाहिलं की सीनियर लोकही शांतपणे ऐकतात, समजावत बसायला लागत नाही.

अडकलेल्या विद्यार्थ्याचं काय करायचं हेसुद्धा आधी ठरवा, त्या क्षणाच्या मूडवर सोडू नका. प्रत्येक प्रश्नाला दोन ठरलेले हिंट ठेवा, पहिला अगदी मोकळा, "अजून काय बघशील?", दुसरा थोडा दिशा देणारा, "दुखणं दुसरीकडून येऊ शकतं का?" आणि शीटवर फक्त लिहायचं की कितव्या हिंटला आलं. सगळ्यांना तेच हिंट त्याच शब्दांत. दोन्ही हिंटनंतर नाही आलं तर ती केस बंद करून पुढच्या केसला जायचं, तोंडावर नाराजी न दाखवता. तीन केसचा हाही फायदा, पहिल्या केसला दातखीळ बसली तरी दुसऱ्या केसला पोरगं नव्याने सुरू करू शकतं.

केस बाहेर फुटतात ही तक्रार येईलच, पहिला मुलगा बाहेर आला की जिन्यात गर्दी होते, "काय विचारलं रे?" पाठांतराचे प्रश्न फुटले की संपलं. केस फुटली तरी हिस्टरी तीच ठेवून फाइंडिंग बदलता येतं, पुढच्या विद्यार्थ्याला १६ नॉर्मल सांगा आणि ४७ ला चावून सोडताना कळ येते सांगा, म्हणजे क्रॅकचा विचार करावा लागेल. ऐकून आलेलं "वरचा दात, मॅडम" तिथेच उघडं पडतं. अशी तीन-चार रूपं केली तर कार्डं पुरतात, फक्त सगळी साधारण सारखी अवघड आहेत ना हे डिपार्टमेंटमध्ये बसून एकदा बघा.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. शंभर विद्यार्थी गुणिले पंधरा मिनिटं म्हणजे पंचवीस तास, दोन पॅनल केली तरी साडेबारा. एका दिवसात होत नाही. म्हणून माझा आग्रह असा की इंटर्नलची व्हायवा एका दिवसाची ठेवूच नका, क्लिनिकल पोस्टिंगमध्ये पसरवा. विद्यार्थ्याने स्वतः बघितलेल्या पेशंटची केस शीट समोर घ्या आणि पाच मिनिटं बोला, कोल्ड टेस्ट का केली, आयओपीएमध्ये (दाताच्या छोट्या एक्स-रेमध्ये) काय शोधत होतास, रिझल्ट उलटा आला असता तर काय केलं असतंस. ब्रिटनमध्ये बीडीएसनंतरच्या फाउंडेशन ट्रेनिंगमध्ये 'केस-बेस्ड डिस्कशन' नावाने असंच वापरतात. वर्षभरात वेगवेगळ्या शिक्षकांकडून अशी सहा-सात झाली की एका माणसाच्या एका दिवसाच्या मूडवर काही अवलंबून राहत नाही. ठरवून दिलेल्या केसचा कोटा पूर्ण करायच्या घाईत मुलं केस शीट नंतर बसून भरतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, या पाच मिनिटांच्या बोलण्याने तेही कमी होतं, कारण कॉपी केलेल्या शीटवर कुणी दोन प्रश्नसुद्धा टिकत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला तो पिरॅमिड तुम्हाला एमडीएसला (पदव्युत्तर शिक्षणात) असेलच, माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, आणि खरोखर रोज करतो. व्हायवा फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत जाते. त्या मुलीचा हात चांगला आहे हे तुम्हाला क्लिनिकमध्ये दिसतं, ते मार्क तिला क्लिनिकलमध्ये मिळाले पाहिजेत, व्हायवेतून ते भरून काढायला जाऊ नका. तसंच त्या मुलाचंही. त्याच्याबद्दल मनात राग धरून त्याची पुढची व्हायवा घेऊ नका, त्याला चेअरवर घेऊन जा आणि न ठोकलेल्या दाताबद्दल तिथेच विचारा. तो बोलण्यात हुशार आहे, विचाराची शिस्त लावली तर चांगला डॉक्टर होईल.

आणि ती मुलगी. ६ चे मार्क तुम्ही एकटीने बदलू नका, ते तिच्याही अंगाशी येईल. तिला केबिनमध्ये न बोलावता क्लिनिक संपल्यावर रिकाम्या चेअरशी उभं राहून आज बघितलेल्या पेशंटबद्दल विचारा, आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. अडकली तर थांबा, शब्द सुचवू नका. आठवड्यातून दोनदा केलं तरी फरक पडतो. तिला हेही सांगा, आणि हे वाचणाऱ्या सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगतो, की उत्तर येत नसेल तेव्हा गप्प बसू नका. "मला नक्की माहीत नाही, पण मी आधी हे तपासेन, कारण..." असं सुरू करा. क्लिनिकमध्येही आपण तेच करतो. रूममेटला एक्झामिनर करून रोज एक केस मोठ्याने बोला, मनातल्या मनात वाचून व्हायवेची तयारी होत नाही. आणि प्रत्येक पेशंटनंतर वहीत दोन ओळी लिहा, काय ठरवलं आणि काय सापडलं असतं तर मत बदललं असतं.

एचओडींना 'जुनी पद्धत चुकीची' असं म्हणून जाऊ नका. एमसीक्यू आणि केस-व्हायवा दोन्ही ठेवू, एका बॅचवर एका टर्मपुरतं करून बघू, दोन परीक्षकांचे मार्क किती जुळतात ते मी लिहून देते, असा प्रस्ताव न्या. सुरुवातीला आठ-दहा कार्डं पुरे, आणि त्यातली दोन-तीन तुमच्या त्याच सीनियर सरांना लिहायला सांगा, त्यांनी हजारो तोंडं बघितली आहेत, चकवणाऱ्या केस त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त असणार.

युनिव्हर्सिटीच्या व्हायवेत एक्स्टर्नल काय विचारेल यावर तुमचा ताबा नाही. पण इंटर्नल एक्झामिनर म्हणून टेबल तुम्ही मांडता. इन्स्ट्रुमेंटच्या ट्रेशेजारी दोन-तीन आयओपीए आणि केस कार्डं ठेवून द्या आणि पहिल्या विद्यार्थ्याला तुम्हीच त्यातली एक विचारा. समोर चांगली केस पडलेली असली की बहुतेक एक्स्टर्नल आपणहून ती उचलतात, त्यांनाही दिवसभर तीच डेफिनिशन ऐकून कंटाळा आलेला असतो.